सातबारा स्वच्छ आहे, पण घर होईल का?

जमीन कुणाची, हे सातबारा सांगतो. तिच्यावर काय उभारता येईल, हे सांगतो नगररचना खात्याचा नकाशा. माझ्या कार्यालयात घराचा आराखडा काढायला येणारी बहुतेक माणसं पहिला कागद घेऊन येतात. दुसऱ्याचं नाव काढलं की गप्प होतात.

परवा एक शिक्षक दांपत्य आलं. तालुक्याच्या गावाबाहेर वीस गुंठे जिरायत, डांबरी रस्त्याला लागून. भोगवटादार वर्ग एक, इतर हक्कात बोजा नाही. इसार द्यायचा बाकी होता, हे बरं. मी त्यांना गट नंबरावर झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला लावला. जमीन शेती विभागात निघाली. वर विकास आराखड्यातला १८ मीटरचा रस्ता तिच्यातून आडवा जात होता. जमीन साधारण ४५ मीटर लांब-रुंद. म्हणजे आठ गुंठे रस्त्यातच. त्याचा मोबदला टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपात मिळू शकतो, पण टीडीआरवर स्वयंपाकघर बांधता येत नाही!

“शेजारी बंगले झालेत की,” एजंट म्हणाला. झाले असतील. त्यांच्याकडे परवानगी आहे का, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. फार्महाऊस म्हणावं, तर त्यालाही किमान चाळीस गुंठे लागतात.

हीच जमीन मंजूर आराखड्यात रहिवास विभागात असती, तर महसूल संहितेच्या कलम ४२-ब मुळे बिनशेतीची वेगळी परवानगी लागली नसती. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून काम झालं असतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असती, तरी ४२-ड चा आधार होता. बांधकाम परवानगी मात्र दोन्हीकडे घ्यावीच लागते.

एजंटाचं शेवटचं अस्त्र: “दहा वर्षांनी आरक्षण उठतंच.” आपोआप उठत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षं जावी लागतात, मग मालकानं नोटीस द्यायची, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तरच ते रद्द होतं. रस्ता असा गेला, तरी खालचा शेती विभाग तसाच राहतो. भाव मात्र मालक रहिवासी जमिनीचा सांगत होता.