देठाखालची अंडी

पुण्यात कोथरूडच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. टाकीखालच्या कपाटात मिठाची बादली, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, चिमटे, जुने टूथब्रश आणि लेव्हामिसोलची एक बाटली. गोठ्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ती बाटली लांबूनच ओळखू येते. गाईगुरांना, शेळ्यांना जंतासाठी पाजतात तेच हे औषध. देवणीहून लेकाकडे आलेल्या वडिलांनी कपाट उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "कोन्त्या जनावराला हाय हे?" लेकाने टाकीकडे बोट दाखवलं.

त्या प्रश्नासाठीच ही टाकी पाहायला जावंसं वाटलं.

देवणी म्हणजे लातूर जिल्ह्याचं कर्नाटकाला लागून असलेलं टोक. दुधाला आणि कामाला दोन्हीकडे चालणारा देवणी गोवंश याच गावाच्या नावाने ओळखला जातो. तिथून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. या तरुणाचं बालपण गोठ्यात गेलं, नोकरी संगणकावरची, आणि आता तो समुद्रातले जीव सांभाळतो. त्याच्या टाकीत दगडी प्रवाळ नाही. खडक उभारणारं सगळं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते समुद्रातून तोडणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. टाकीत आहेत ते झोअँथिड आणि मशरूम, म्हणजे प्रवाळांचे सांगाडा नसलेले भाऊबंद. शौकीन मंडळी त्यांनाही सरसकट कोरलच म्हणतात.

झोअँथिडची वसाहत म्हणजे दगडावर दाटीने उभे असलेले शर्टाच्या बटणाएवढे पॉलिप. मधे हिरवा गोल, कडेला बारीक शुंडकांची झालर. एका दगडावरचे पॉलिप मात्र काही दिवसांपासून मिटलेलेच होते. खारटपणा ३५ वर स्थिर, तापमान ठीक, दिवे नेहमीचेच. रात्री दिवे मालवल्यावर त्याने टॉर्च मारला तेव्हा एक पॉलिप जागचा हलला.

तो पॉलिप नव्हताच. ती गोगलगायीच्या कुळातली, पण शंख नसलेली न्यूडिब्रँक होती. तांदळाच्या दाण्याएवढी असेल. पाठीवर बोटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा आणि त्या उंचवट्यांना नेमका पॉलिपच्या झालरीचा रंग. ती झोअँथिड खाते आणि खाल्लेल्याचाच रंग अंगावर घेते. हिरव्या वसाहतीवरची हिरवी, नारिंगीवरची नारिंगी. दिवसा ती देठांच्या मधल्या फटीत शिरून बसते. भिंग हातात घेऊन, तिथे आहे हे ठाऊक असूनही, नजर पुन:पुन्हा तिच्यावरून घसरते.

दगड टाकीतून काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या डब्यात ठेवला जातो. त्यात ल्यूगोलचं आयोडीन पडतं आणि खोलीभर सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगरूमचा वास पसरतो. दहा मिनिटं. रबरी फुग्याच्या पिचकारीने तो देठांमध्ये पाण्याचा झोत मारत राहतो. गोगलगायी अंग आक्रसतात, पकड सुटते आणि एकेक करून डब्याच्या तळाशी येतात. इथवरचं काम कुणालाही जमेल.

"औषधानं अंडी मरत न्हाईत," तो म्हणतो. खरं काम इथून पुढे आहे. अंडी देठाच्या बुडाशी असतात. पांढुरकी, वेटोळं घातलेली, दोऱ्याच्या तुकड्याएवढी फीत. पॉलिप चिमट्याच्या पाठीने हलकेच बाजूला करायचा, फीत दिसली की अख्खी सोलून काढायची, मग ब्रश. एक वेटोळं सुटलं तर पुढचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तोच दगड दर आठवड्याला डब्यात उतरतो, सहा आठवडे. "सहा आठवडे," तो पुन्हा सांगतो. दुसऱ्याच आठवड्यात पॉलिप फुलून आले की माणसाला वाटतं झालं, आणि तिथेच घात होतो.

मधेच देवणीहून आईचा फोन येतो.

"काय करायलास?"

"किडे येचायलोय, माय."

पलीकडून कसलंच आश्चर्य नाही. त्या घरात गाईच्या कानामागचे गोचीड हाताने वेचण्यातच संध्याकाळी गेलेल्या आहेत.

एवढा वेळ त्याच्या हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर गॉगल असतो. हे सोवळं उगाच नाही. झोअँथिडच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या अशाच एका जातीतून शास्त्रज्ञांनी ते १९७१ मध्ये वेगळं केलं, आणि निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरातली टाकी साफ करताना ते हवेत उडालं आणि सगळं कुटुंब इस्पितळात गेलं. मदतीला धावलेल्यांनाही दाखल करावं लागलं. कीड जावी म्हणून असा दगड उकळत्या पाण्यात घालण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो जिवावर बेतणारा आहे.

दुसऱ्या कोपऱ्यात एप्टेशिया आहे. काचेसारखं, तपकिरी, एवढंसं समुद्रफूल. ओरबाडून काढायला जावं तर बुडाचा तुकडा मागे राहतो आणि त्यातून नवं उभं राहतं. त्याच्यावर उतारा चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतो तोच पदार्थ, पण शुद्ध. घट्ट लापशी करून सिरिंजने थेट तोंडावर सोडायची. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. हेच एप्टेशिया प्रयोगशाळांमध्ये मात्र लाडकं आहे. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारं शैवाल यांचं नातं उलगडायला संशोधक तेच वाढवतात; २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला.

मग त्या बाटलीचं काय? ती आणली होती लाल चपट्या कृमींसाठी. लेव्हामिसोल कृमीच्या चेता-स्नायूंच्या सांध्यावर घाव घालतं, तो लुळा पडतो. गाईच्या पोटातला जंत काय आणि टाकीतला चपटा कृमी काय, दोघांवरही ते चालतं. पण हे लाल कृमी मरताना विष सोडतात. हजारो एकदम मेले की पाणी बिघडतं आणि मासे उलटे होतात. म्हणून आधी नळीने जमतील तेवढे ओढून घ्यायचे, औषध सगळ्यात शेवटी, तेही थोडं, आणि लगोलग सक्रिय कोळसा लावून पाणी बदलायचं. त्याने नळीनेच एवढे ओढले की बाटलीचं सील अजून तसंच आहे.

परदेशी शौकिनांची धाव याच्याही पुढे गेली आहे. ते कोरल इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यात बुडवून काढतात. कापसावरच्या मावा-तुडतुड्यांसाठी आपल्याकडे फवारतात तेच हे औषध. युरोपीय संघाने मधमाश्यांपायी २०१८ मध्ये उघड्या शेतात ते वापरायला बंदी घातली. पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांना ते अत्यंत घातक आहे, आणि डब्यातलं उरलेलं पाणी शेवटी मोरीतच जाणार. गावात दुकानागणिक मिळत असूनही या तरुणाने ते आणलेलं नाही. त्याचं हे करणं योग्यच आहे. चिमटा आणि सहा आठवडे एवढ्यावर जे निभतं त्यासाठी नदीत विष सोडायचं कारण नाही.

त्याची तक्रार आहे ती विकणाऱ्यांबद्दल. ती रास्त वाटते. दुकानात नवा दगड येतो आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांचं पाणी एक असलेल्या टाकीत बसतो. एका दगडावरची फीत आठवड्याभरात दहा घरी पोहोचते. बाजारातून आणलेलं जनावर त्याचे वडील काही दिवस वेगळ्या दावणीला बांधतात. त्याने बाल्कनीत वीस लिटरची एक साधी टाकी ठेवली आहे: एक हीटर, एक छोटा पंप, तळाला वाळू नाही, म्हणजे पडलेलं काहीही लगेच दिसतं. नवा दगड आधी तिथे. काचेवर चिकटपट्टी, तिच्यावर आणल्याची तारीख आणि खाली सहा रेघा. सध्या त्यातल्या दोन खोडलेल्या आहेत.