अश्वगंधा आणि झोप : पुराव्याचा ताळेबंद

दुकान बंद झाले तरी उधारी-वसुलीचे आकडे डोक्यात फिरत राहतात आणि मध्यरात्र उलटते. व्यापारी कुटुंबांना हा अनुभव अपरिचित नाही. अशा वेळी कुणीतरी अश्वगंधेचे नाव सुचवते. मंदसौर-नीमचच्या बाजारपेठेत जिची मुळे पोत्यांनी विकली जातात, ती ही आस्कंद आता गाढ झोपेची ग्वाही देणाऱ्या कॅप्सूलच्या रूपाने घरोघरी पोहोचली आहे. तिच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘निद्रा आणणारी’ असा आहे. परंतु पेढीच्या नावावरून तिची पत ठरत नाही. त्यासाठी खातेवही उघडावी लागते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत निद्रानाशाचे ६० रुग्ण होते. काहींना अश्वगंधेच्या मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तर इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. दहा आठवड्यांनंतर झोप लागण्यास पहिल्या गटाला सरासरी २९ मिनिटे, तर दुसऱ्या गटाला सुमारे ३४ मिनिटे लागत होती. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक केवळ योगायोगाचा नसावा. तथापि तो पाच मिनिटांचा आहे. शिवाय निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांनाही काही प्रमाणात लवकर झोप येऊ लागली होती, हे विसरता येत नाही. उपचार सुरू आहे, या विश्वासानेही मन स्वस्थ होते.

२०२१ मध्ये पाच चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात एकूण सहभागी होते अवघे ४००. निष्कर्ष असा, की परिणाम आहे, पण लहान आहे. निद्रानाशाचे निदान झालेल्यांत, रोज ६०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा किमान आठ आठवडे घेतल्यास तो अधिक दिसतो. म्हणजे ‘पहिल्याच रात्री गाढ झोप’ या जाहिरातीला येथे आधार नाही.

अनुभवी व्यापारी अशा वेळी दोन प्रश्न विचारील. पहिला : नमुना आणि माल एकच आहे काय? चाचणीतील प्रमाणित अर्क आणि घरातील चमचाभर चूर्ण यांची मात्रा सारखी नसते. २०१७ मधील एका बहुचर्चित संशोधनात तर झोप आणणारा घटक पानांतला होता आणि प्रयोग उंदरांवर झाला होता. बाजारात मात्र विकले जाते प्रामुख्याने मूळ. दुसरा : हिशेब कोणी लिहिला? अशा अनेक चाचण्यांना अर्क बनवणाऱ्या उद्योगाचेच साहाय्य असते. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण स्वतंत्र लेखापरीक्षणाची गरज वाढते.

खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब वा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना ती घेऊ नये; गर्भवतींनी टाळावी. चालू गोळ्या परस्पर बंद करून अश्वगंधेवर विसंबणे हा सर्वांत महागडा सौदा ठरू शकतो. जैन कुटुंबांपुढे आणखीही प्रश्न आहेत. कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे तर नाही ना, हे वेष्टनावर पाहावे. चौविहार पाळणाऱ्यांना निजतानाची मात्रा घेता येणार नाही, आणि औषध मूळ असल्याने आपल्या नियमात ते बसते की नाही, हेही आधी ठरवावे लागेल.

दीर्घकालीन निद्रानाशासाठी अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये प्रथम उपचार म्हणून औषध नव्हे, तर विचार व सवयी बदलणारी मानसोपचार पद्धती सुचवली. रोज ठरावीक वेळी उठणे, झोप येत नसल्यास अंथरुणातून बाहेर येणे, अंथरुणात हिशेब न करणे, असे तिचे सोपे नियम आहेत. मोठे घोरणे किंवा झोपेत श्वास अडखळणे असेल, तर तपासणी लांबवू नये.

‘अश्वगंधेने झोप येते’ आणि ‘अश्वगंधा निरुपयोगी आहे’ ही दोन्ही एकांतिक विधाने आहेत. विशिष्ट अर्काने, काही जणांना, काही आठवड्यांनी, थोडा लाभ होऊ शकतो, एवढेच आजच्या पुराव्यावरून म्हणता येते. स्याद्वादाचे संस्कार लाभलेल्या वाचकाला हे सापेक्ष विधान अपुरे वाटू नये. बाटली विकत घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अट आपल्याला लागू पडते का, ते तपासावे आणि मगच पैसे मोजावेत.