विंडोज फोन का हरला?
कार्यप्रणाली, म्हणजे फोनचे यंत्र आणि त्यावरील अ‍ॅप यांना जोडणारे मूलभूत सॉफ्टवेअर, केवळ गुणवत्तेवर तगत नाही, हे विंडोज फोनने दाखवून दिले. 2010मध्ये आलेल्या या प्रणालीच्या मुखपडद्यावरील, नवा संदेश येताच आपोआप बदलणाऱ्या टाइल्स आयफोनच्या स्थिर चिन्हांपेक्षा खरोखर सरस होत्या. परंतु गूगल अँड्रॉइड विनामूल्य देत असताना मायक्रोसॉफ्ट फोन-उत्पादकांकडून परवाना शुल्क घेत राहिली आणि ते माफ केले 2014मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे. ग्राहक कमी म्हणून अ‍ॅप बनवणारे फिरकेनात आणि अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येईनात, अशा दुष्टचक्रात आयफोनवर 2010मध्ये आलेले इन्स्टाग्राम येथे 2013 उजाडल्यावर पोहोचले. नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेऊनही 2015मध्ये मायक्रोसॉफ्टला सुमारे 7.6 अब्ज डॉलरवर पाणी सोडावे लागले.