पिल्लू एवढे का झोपते?

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरते तेव्हा पाण्याच्या टाकीमागे किंवा विटांच्या ढिगाआड एखादी कुत्री व्यालेली असते. मधल्या सुटीत तिथे मुलांचा गराडा पडतो. पिल्ले या हातातून त्या हातात जातात, झोपलेल्यांना हलवून उठवले जाते. उठलेले पिल्लू दहा मिनिटे हुंदडते आणि एकाएकी मान टाकून झोपी जाते. "सर, ते आजारी आहे का?" हा प्रश्न मग हमखास येतो.

बहुधा ते आजारी नसते. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू चोवीस तासांपैकी साधारण १८ ते २० तास झोपते, पण सलग नाही. उठणे, मुतणे, खाणे, भावंडांशी झोंबाझोंबी आणि पुन्हा झोप, असे फेरे दिवसभर चालतात.

याचा एक धागा भूमितीत सापडतो. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. २ सेंटिमीटरच्या घनाचे २४ आणि ८. म्हणजे लहान घनाला आकारमानाच्या मानाने दुप्पट पृष्ठभाग मिळाला. शरीराची उष्णता पृष्ठभागातूनच निसटते. जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी १८८३ मध्ये सुमारे ३ ते ३१ किलो वजनाच्या कुत्र्यांची उष्णता मोजली, तेव्हा सर्वांत लहान कुत्र्याची किलोमागे उष्णता सर्वांत मोठ्याच्या दुपटीहून जास्त भरली. पिल्लाला तर शिवाय वाढायचेही असते. पोट छोटे, यकृतातला साखरेचा साठा तुटपुंजा. शिल्लक कमी असलेल्या माणसासारखा त्याचा खर्च थोडा थोडा आणि लगेच संपणारा असतो.

पहिल्या दोन आठवड्यांत तर पिल्लाला स्वतःचे तापमानही राखता येत नाही. म्हणून ती एकमेकांवर ढीग करून पडतात. डोळे उघडतात ते १० ते १४ दिवसांनी. या काळात दिवसाचा नऊ-दशांश भाग झोपेत जातो, आणि त्या झोपेत पाय, ओठ, कान सारखे फुरफुरतात. मुले म्हणतात, पिल्लू स्वप्नात पळते आहे. कल्पना गोड आहे. पण उंदरांच्या पिल्लांवर अमेरिकेत मार्क ब्लूमबर्ग यांनी केलेल्या संशोधनातून वेगळे चित्र दिसते: प्रत्येक झटक्याबरोबर त्या अवयवाकडून मेंदूला संदेश जातो आणि कोणता स्नायू कुठे आहे, हे मेंदू शिकतो. म्हणजे ही विश्रांती कमी आणि शिकवणी जास्त!

झोप मिळाली नाही तर? रशियन वैद्यक-शास्त्रज्ञ मारी मानासेइना यांनी १८९४ मध्ये पिल्लांना भरपूर खायला देऊन सतत जागे ठेवले. ती चार-पाच दिवसांत मेली. वीस-पंचवीस दिवस उपाशी राहिलेली पिल्ले मात्र वाचवता येत होती. असा क्रूर प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि तेच बरे.

मधल्या सुटीतल्या गराड्याने एवढे होत नाही, हे खरे. पण कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत फक्त १९ टक्के पिल्ले जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसांचा हात होता.

मुलांना पिल्ले हवीच असतात, तर ती वहीत येऊ द्यावीत. दहा पावले लांब उभे राहून दर पाच मिनिटांनी नोंद करायची: झोपलेले, दूध पिणारे, खेळणारे किती? पिल्ले चार आठवड्यांची असताना एकदा आणि आठ आठवड्यांची झाल्यावर पुन्हा. अंतर कुत्रीसाठीही हवे; पिल्लांजवळ गेल्यास ती चावते. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा. नोंदी सकाळी शाळा भरताना आणि सुटतानाही घ्याव्यात, कारण पिल्लांची सैरावैरा धावाधाव बहुतेक वेळा संध्याकाळी दिसते.