सोलापूरच्या पेठांतून

भूमच्या माणसाला सोलापूर नवे नाही. दवाखाना, कचेरी, लग्नाचा बस्ता अशा निमित्ताने तो तेथे जातो, नव्या पेठेत खरेदी उरकतो आणि एस. टी. गाठतो. एवढ्याने सोलापूर पाहिले असे आम्ही म्हणणार नाही. अर्धा दिवस हाती ठेवावा आणि जुन्या पेठांतून पायी हिंडावे.

मंगळवार पेठेत, चाटी गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच दुकानात कानी पडते. ही माणसे कामाने एकत्र आणली. 1877 साली येथे ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. मग आणखी गिरण्या निघाल्या, आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर येऊन पूर्व भागात वसले. 1930 साली शहरात लष्करी कायदा लागला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यास फासावर गेले. या चार नावांतच सोलापूरच्या पेठा दिसतात.

खाण्याचेही तसेच. ज्वारीची कडक भाकरी मूळ कानडी घरांतली. वाळवलेली असल्याने प्रवासात दिवसेंदिवस टिकते. तिच्या जोडीला शेंगाचटणी. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले हवे. मिक्सरमधल्या कोरड्या भुकटीला आम्ही चटणी मानीत नाही! रमजानात विजापूर वेशीवर मीना बाजार भरतो. शेवया, खजूर, बांगड्या घेणाऱ्या गर्दीत कोण कोणत्या धर्माचा, हे शोधू म्हटले तरी सापडत नाही.

चादरीसाठी मात्र पूर्व भागातच जावे. जुन्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमाग चालू आहेत. कारखान्यात माग चालविणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. कांड्या भरणे, शिलाई ही कामे बहुधा बायकांकडे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही बाहेर विणलेला स्वस्त माल तिच्या नावाने खपतो, आणि मजुरीवाढ मागितली की मालक त्याच मालाकडे बोट दाखवितो. भूमचा खवा गावोगाव जातो. भाव पडला की भट्टीपुढच्या माणसाचे काय होते, हे तुम्हांस सांगायला नको. तेव्हा चादर कोठे विणली ते विचारावे, दोन्ही बाजूंची वीण पाहावी, पावती घ्यावी, आणि भाव ठरविताना शेवटच्या दहा रुपयांसाठी अडून बसू नये.