ग्रुपमध्ये असणं आणि ग्रुप वापरता येणं

शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप गावोगावी आहेत. पण त्यांत परिपत्रकं आणि सुप्रभातच जास्त. माझ्या मते अडचण ॲपची नाही, प्रश्न विचारण्याची आहे. ‘वजाबाकीसाठी काही आहे का?’ म्हटलं की पीडीएफचा पाऊस पडतो. तेच ‘तिसरीतली मुलं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढतात, म्हणजे मोठ्या अंकातून लहान वजा करतात; दशक सुटा करणं कसं दाखवता?’ असं विचारलं, वहीचा फोटो जोडला, की काड्यांचे गठ्ठे सोडणारा अनुभवी शिक्षक उत्तर देतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. स्काइपवरून परदेशी वर्गांशी जोडणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. तिथेही नेमकं मागणं आणि देणं होतंच.

‘आधीच ऑनलाइन माहिती भरून जीव जातो, त्यात हे कुठे?’ हा आक्षेप खरा आहे. म्हणून दहा ग्रुप नकोत. विषयाचा एक पुरे, बाकी म्यूट (अपराधी वाटून घेऊ नका). विचारण्याआधी जुने मेसेज शोधावेत. आणि मुलाचं नाव, चेहरा फोटोत येता कामा नये.