सूचक

आमच्या ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताच्या वहीत २०२१ सालात माझं नाव सात ठिकाणी सूचक म्हणून आलं आहे. गटार, दिवाबत्ती, स्मशानभूमीचा रस्ता असे विषय. त्यातल्या एकाही ठरावाच्या वेळी मी तोंड उघडलं नव्हतं. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं घालावी लागतात. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब सभा उठल्यावर सावकाश वही लिहायचे आणि नावं सगळ्यांना पाळीपाळीने वाटून द्यायचे.

१५ जानेवारी २०२१ ला राज्यात बारा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात आमचं खटाव तालुक्यातलं गावही होतं. वॉर्ड क्रमांक दोनमधली जागा महिलेसाठी राखीव निघाली. ह्यांना उभं राहायचं होतं, म्हणून मी उभी राहिले. पत्रकावर फोटो माझा आणि फोन नंबर ह्यांचा. सदस्याच्या नवऱ्याला सभेत बसता येत नाही, तशी शासनाची परिपत्रकं आहेत. हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि वॉर्डाचं बोलणं दारातून व्हायचं. माझ्यापुढे वही आली की मी सही करायची. मला त्याचा राग नव्हता. हे मनापासून काम करायचे, रात्री-अपरात्री कुणाच्या दाखल्यासाठी धावायचे, आणि मला घरी जाऊन म्हशीची धार काढायची असायची.

२०२२ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली. बावीस वर्षं तंबाखू-चुना. दात लागला असेल म्हणून दोन महिने काढले. मग तुकडा तपासायला गेला आणि जुलैत आम्ही परळला, टाटा रुग्णालयात. डॉक्टरांनी जिभेचा डावा निम्मा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. डाव्या मनगटावरची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलली आणि तीच तोंडात जीभ म्हणून जोडली. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी आधी हात बघितला. गळ्यात श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी. बोलणं बंद. मी धाकट्या मुलीची पाटी बरोबर नेली होती, तिच्यावर पहिला शब्द आला तो म्हशीबद्दल. व्यायली का, असं विचारलं होतं.

पुढे किरणांचे तीस दिवस. आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे, आणि आठवड्यातून एकदा केमो. धर्मशाळेतले हिंदी बोलणारे त्याला सिकाई म्हणत, आपली माणसं शेक म्हणत. पहिल्या दिवशी जाळीदार पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून ह्यांच्या चेहऱ्यावर दाबलं आणि तसंच निवू दिलं. त्याचा मुखवटा झाला. रोज तो तोंडावर घालून टेबलाला पक्का अडकवायचे, म्हणजे मान केसभरही हलत नाही. आत काम काही मिनिटांचं, बाहेर वाट बघणं तासांचं. राहायला आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. २०००-०१ पासून ज्यांच्या नावाने गावोगाव ग्रामस्वच्छता अभियान चाललं, त्या बाबांच्याच नावाच्या छपराखाली बिहार-बंगालपासून आलेली कॅन्सरची माणसं आणि त्यांची घरची माणसं राहतात. संध्याकाळी प्रत्येक बाई काहीतरी गाळत बसलेली असायची, पेज, डाळीचं पाणी, सूप. नळीतून जाईल इतकं पातळ.

इकडे गावात बोलणं सुरू झालं की वहिनींनी आता राजीनामा द्यावा. वाईट हेतूने नव्हे. एका जुन्या सदस्यांनी फोन करून सांगितलं, ‘‘माणूस आधी, पंचायत नंतर. तुम्ही लिहून द्या, पोटनिवडणूक बिनविरोध करू.’’ मलाही तेच बरोबर वाटत होतं. दाराबाहेर खुर्ची टाकून बोलणारा माणूसच बोलू शकत नव्हता, मग मी तिथे काय करणार होते?

सदस्यांच्या प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. वाट बघण्याच्या बाकावर वेळ जाईना म्हणून ते वाचायला काढलं. निवडून येऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी ते पहिल्यांदा उघडत होते. त्यात होतं, की पंचायतीच्या परवानगीशिवाय लागोपाठ सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं. म्हणजे परवानगी मागता येते. मी रेघी कागदावर रजेचा अर्ज लिहिला आणि ह्यांना दाखवला. ह्यांनी एकच दुरुस्ती केली. ‘पतीच्या आजारपणामुळे येऊ शकत नाही’ याच्या खाली पेन्सिलीने एक वाक्य वाढवलं : ‘ऑक्टोबरपासून सभेस हजर राहीन.’

ऑक्टोबरात घरी आलो, तो परतीचा पाऊस कोसळत होता. नळी अजून नाकात होती. दर अडीच तासांनी दोनशे मिली, बसतं करून, मोठ्या सिरिंजमधून सावकाश, ढकलायचं नाही, आपल्या वजनाने उतरू द्यायचं, मागून साधं पाणी. बारा वाजताचा घास सभेच्या वेळेत येत होता. सासूबाई नळीला हात लावायला घाबरायच्या. चार दिवस माझ्याशेजारी उभ्या राहून त्या शिकल्या. त्या शिकल्या नसत्या तर पुढचं काही झालं नसतं.

सभेची नोटीस घेऊन शिपाई आला. विषयपत्रिका नेहमीचीच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, आलेले टपाल, मग ऐनवेळचे विषय. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि पाटीवर लिहिलं, ‘इतिवृत्त आधी वाच. सही नंतर.’

आमच्याकडे इतिवृत्त वाचलं जात नसे. ‘मागील कायम’ एवढं म्हटलं की वही फिरायची. त्या दिवशी मी वही धरून ठेवली. म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, वाचता का जरा?’’ खोलीत कुणी काही बोललं नाही. भाऊसाहेबांनी वाचायला घेतलं. सप्टेंबरच्या सभेत पाणी शुद्धीकरणासाठी टीसीएल पावडर घेतल्याची नोंद आली. टीसीएलचं पोतं खोलीच्या कोपऱ्यातच होतं, तोंड उघडं, आणि पावडरीची ढेकळं झालेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी विचारलं, ही टाकीत जाते का.

‘‘वहिनी, तो विषय मागच्या सभेत झालाय.’’

‘‘म्हणूनच विचारते. मागच्या सभेला मी नव्हते.’’

त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या तीन पोरांना जुलाब लागले होते, एकाला प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन लावलं होतं. केमोनंतर ह्यांच्या अंगात ताकद नव्हती, साधा जुलाबही झेपला नसता, म्हणून मी पाणी वीस मिनिटं उकळत होते. माझ्या घरात आजारी माणूस होता म्हणून गॅस त्या कामासाठी जळत होता. वॉर्डातल्या बाकीच्या घरांत रोज हंडाभर पाणी कोण उकळणार? ज्या पाण्याची मला ह्यांच्यासाठी धास्ती वाटत होती, तेच पाणी मला निवडून देणारं सगळं गाव पीत होतं. हे मी सभेत असंच बोलले. आवाज कापत होता. भाषण वगैरे नव्हतं ते.

ठराव झाला, की नवीन पावडर आणायची, ती झाकणाच्या पिंपात ठेवायची, टाकीपाशी रोजची नोंदवही ठेवायची आणि आठवड्यातून दोनदा सदस्याने समक्ष बघायचं. सूचक म्हणून माझं नाव लिहिताना भाऊसाहेबांनी या खेपेला मला विचारलं.

समक्ष बघायचं म्हणजे काय, ते आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी शिकवलं. आमची टाकी पन्नास हजार लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम धरून अडीचशे ग्रॅम पावडर लागते, तीही ताजी. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. दमट हवा लागली की तो उडून जातो, आणि वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकून देण्याच्याच लायकीची. आमचा पाणी सोडणारा मुलगा पूर्वी ओंजळभर पावडर टाकीत भिरकावायचा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही, मग पाणी वाढवून ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाला बसतो. वरची नितळ निवळी तेवढी टाकीत सोडायची, आणि अर्धा तास तरी नळ सोडायचा नाही. वास नाकात जातो, डोळ्यांतून पाणी येतं. तोंडाला पदर बांधून मी ते दहा वेळा तरी स्वतः केलं, तेव्हा कुठे त्या मुलाने मनावर घेतलं.

मग ओटी टेस्ट. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम एवढा तरी शेवटच्या नळाला मिळाला पाहिजे. पूर्वी टाकीखालच्याच नळाचं पाणी तपासून वही भरत असत. तिथे छान पिवळं येतंच. आमच्या पाइपलाइनचा शेवटचा नळ बौद्धवाड्याच्या कोपऱ्यावर आहे. पहिल्या दिवशी तिथे नळीतलं पाणी अजिबात बदललं नाही. तिथल्या एका आजींनी ती नळी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, ‘‘म्हणजे आम्हाला औषध पोचतच नाही का गं?’’ वाटेत दोन ठिकाणी पाइप फुटका होता, गटारातून गेलेला. दुरुस्तीला तीन सभा गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या नळाला पहिल्यांदा पिवळं आलं, आणि आजींनी शेजारणींना बोलावून ती नळी दाखवली.

सभेहून घरी आले की हे पाटी पुढे करायचे, ‘काय झालं?’ मी चहा ठेवता ठेवता विषयवार सांगायची. पूर्वी हे मला सांगायचे, तेही मी विचारलं तर. डिसेंबरात नळी निघाली. किरणांनंतर जबडा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, मिनिटभर थांबायचं, मग मध्ये आणखी एक सरकवायची. दिवसातून पाच वेळा. सुरुवातीला नऊ काड्या बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पण हे काडी काढू द्यायचे नाहीत. उन्हाळ्यापर्यंत पंधरा झाल्या. बोलणं परत आलं, पण ‘र’ आणि ‘ळ’ नीट वळत नाहीत, आणि फोनवर लोकांना कळत नाही. फोन आता मी उचलते.

बरं वाटायला लागल्यावर एकदा सभेच्या दिवशी ह्यांनी चपला घातल्या. दारापर्यंत आले, थांबले आणि चपला काढून ठेवल्या. म्हणाले, ‘‘तू जा. मी म्हशीचं बघतो.’’ हे आजारपण आलं नसतं तर मी पाच वर्षं नुसत्या सह्या केल्या असत्या. लिहायला जड जातं, पण खरं आहे. शेतातली आणि घरातली सगळी कामं करणाऱ्या बाईला सभेत बोलायला नवऱ्याची जीभ जायची वाट बघावी लागू नये. ज्यांच्या घरात राखीव जागेवर निवडून आलेली बाई आहे, त्यांनी तिला सभेला एकटीला जाऊ द्यावं, पहिल्याच महिन्यापासून. चुकेल, अडखळेल, चार सभांत शिकेल.

एक काम माझ्याकडून झालेलं नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. आमच्या शाळेच्या फाटकापासून टपरी बासष्ट पावलांवर आहे, मी स्वतः मोजली आहेत. २०२३ च्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय मांडला, हे माझ्याशेजारी उभे राहिले आणि शर्टाची बाही वर करून ह्यांनी मनगट दाखवलं. बोलले नाहीत. ठराव एकमताने झाला. टपरी मात्र तिथेच आहे, आणि पुड्यांच्या माळा तशाच लटकतात. टपरीवाला आमच्या भावकीतला आहे, त्याचं पोट त्यावर आहे, आणि त्याला बाजारपेठेत जागा द्यायला पंचायतीकडे गाळा नाही. त्याच्या घरी मी तीनदा जाऊन आले.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय पाच नंबरला आहे. परळची तपासणीची तारीख २२ आहे, सभा २४ ला सकाळी ११ वाजता.